पिस्टनवरचे चार चरे

फाल्गुनाचं ऊन शिरोलीच्या पुलावरून येतं. पंचगंगेच्या हरितश्याम, आळसावल्या पाण्याला ते आधी हात लावतं. मग उरल्यासुरल्या उसाच्या तुऱ्यांवर रुपेरी होतं, गुऱ्हाळांच्या धुरात शिरून मधुवर्णी होतं, गुळाचा वास अंगाला माखून घेतं. आणि मग, एवढं नटूनथटून, ते कोल्हापूरच्या उद्यमनगरात येतं.

इथं त्याचे कुणी लाड करत नाही.

इथं लोखंड आहे. पत्र्याच्या छपरांखाली, तेलानं काळवंडलेल्या भिंतींच्या आत, लोखंड फिरतं आहे, कातलं जातं आहे, किंचाळतं आहे. लेथवरून निघणारा निळसर कीस सर्पिणीसारखा वेटोळे घेत खाली उतरतो. ऊन त्या किसावर पडतं आणि क्षणभर, अगदी क्षणभरच, तो सोन्याचा होतो. मग कुणीतरी त्याच्यावर झाडू मारतं.

ह्या लोहनादमग्न गल्लीच्या टोकाला दस्तगीर मुजावरचा लेथ. टर्नर दस्तगीर, वय वर्षं अडुसष्ट. दाढी चांदीची, नखं काळी, डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं मशीननं केव्हाच खाल्लेली. धातूला नुसता अंगठा लावून त्याचं माप सांगणारा माणूस. गल्ली त्याला उस्ताद म्हणते. तो शब्द त्याला का बोचतो, ते गल्लीला ठाऊक नाही.

त्या सकाळी, टेम्पोतून, ती आली.

दिवा नसलेली, आरसा नसलेली, हॉर्न नसलेली मोटरसायकल. रस्त्यासाठी नव्हेच, चिखलातून, चढावरून, खड्ड्यांवरून उड्या मारत शर्यत धावण्यासाठी जन्मलेली. कधीकाळी चेकोस्लोव्हाकियातून बोटीनं आलेली ती दोनशे पन्नास सीसीची मृत्तिकाविहारिणी. टाकी एकेकाळी पिवळीधमक होती. आता जुन्या हळदीच्या डागासारखी. सीट उंदरांनी पोखरलेलं, पोखरलेल्या जागी कोंबड्यांनी अंडी घातलेली. चाकांच्या तारा गंजून वाळक्या वेलींसारख्या लोंबत होत्या. शेणाचे पोपडे, भुशाची पुटं, कोळ्यांची जाळी. तरी तिचं पुढचं चाक टेम्पोच्या फाळक्यावर असं उचललेलं होतं, की जणू अजून एक उडी बाकी आहे.

"चाचा, वळखलासा का हिला?" फाळक्यावरून खाली उडी टाकत राजलक्ष्मी म्हणाली.

राजलक्ष्मी ही गाडीच्या मालकाची, उदाजी सरनोबतांची मुलगी. जनावरांची डॉक्टर. वाड्यावस्त्यांवर मोटरसायकलनं हिंडणारी, अडलेल्या म्हशीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालणारी, कुणाच्या बापाला न भिणारी.

दस्तगीरनं गाडी ओळखली होती. ओळखली म्हणून तर त्याच्या हातातलं टूल खाली पडलं होतं.

"आबा म्हणाले, भंगारात घाल," राजलक्ष्मी सांगत होती. "मी म्हटलं, बरं, घालतो. आन् हिकडं आणलो. पाडव्याला माळावर जुन्या गाड्यांचा मेळा हाय, चाचा. आबांना एकदा हिचा आवाज ऐकवायचा हाय. पण हिचा एक पार्ट म्हणे जगात मिळत न्हाई."

"जगात न्हाई मिळत," दस्तगीर म्हणाला. त्यानं वाकून टूल उचललं. "उद्यमनगरात मिळतोय. ठेव."

*

सदतीस वर्षांपूर्वीचा वैशाख. गावाबाहेरचा तांबडा, तप्त, तृणहीन माळ. दोरखंडाच्या पलीकडे पाच हजार माणसं, आणि दोरखंडाच्या अलीकडे अठ्ठावीस वर्षांचा उदाजी. देखणा, दणकट, वाऱ्याचा सोबती. चौथ्या फेरीला तो सगळ्यांच्या पुढं होता. चढ चढला, माथ्यावरून गाडीनं जमीन सोडली, आणि त्या निळ्या, निराधार पोकळीत इंजिन किंचाळलं. एकदाच. मग गप्प.

आत धावणारा पिस्टन सिलिंडरला जागच्या जागी चिकटला होता. मागचं चाक दगडासारखं जाम झालं. गाडी हवेतून उतरली ती आडवीच, आणि उदाजीच्या उजव्या गुडघ्याची वाटी माळाच्या खडकावर फुटली.

तेवढ्यात भोंगा बोलला. शर्यतीचं वर्णन करणाऱ्या कुणा बडबड्याला गंमत सुचली. "सरनोबत तेल घालायला इसरले वाटतं! गडी कोरडंच आलं मैदानात!"

माळ हसला. एक माणूस रक्तात पडलेला, आणि पाच हजार माणसं हसली. कुणी टाळ्याही दिल्या. माणूस पडला की त्याला उचलायला चार हात येतात आणि हसायला पाच हजार तोंडं. हे कोल्हापुरात तसंच, आणि जगातही तसंच.

ह्या जातीच्या इंजिनाला तेलाचा वेगळा डबा नसतो. तेल पेट्रोलमध्येच, मापून, आपल्या हातानं मिसळायचं असतं. न मिसळलं तर आतला धातू धातूला खातो. उदाजी एरंडेल मिसळायचा. दर शर्यतीला, स्वतः, काचेच्या बाटलीनं. पण त्या सकाळी माणसांची गर्दी होती, हार होते, फोटोवाले होते. दवाखान्यातल्या खाटेवर, पाय वर टांगलेला असताना, त्यानं आठवायचा प्रयत्न केला: बाटली हातात घेतल्याचं आठवतं. टोपण उघडल्याचं आठवतं. ओतल्याचं?

ओतल्याचं आठवत नव्हतं.

तिथून पुढची सदतीस वर्षं हा एकच प्रश्न. उदाजी ऊस लावताना, उदाजी लेकीचं नाव ठेवताना, उदाजी बायकोच्या चितेपुढं उभा असताना. घातलं होतं का? आणि लोक? लोकांनी नाव ठेवून टाकलं होतं. कोरडा उदाजी. लग्नाच्या पंगतीत वाढपी तुपाचं भांडं घेऊन त्याच्या पानापुढं मुद्दाम थांबायचे: "तूप वाढू, का कोरडंच चालतंय?" पंगत खदखदायची. उदाजीही हसायचा. मग त्यानं पंगतीला जाणंच सोडलं. बापानं गाडी गोठ्यात ढकलून वर भुशाची पोती टाकली होती. ती उचलायचा विचार त्यानं कधी केला नाही. आपला गुन्हा कोण उघडून बघतं?

*

दस्तगीरनं उघडून बघितलं.

दुपारचं ऊन दारातून आत येऊन लेथच्या पायाशी बसलं होतं. त्यानं एकेक नट सोडवला. इंजिनाचं डोकं उचललं. सिलिंडर उपसला. पिस्टन बाहेर आला, मुठीएवढा, राखाडी, आणि त्याच्या अंगावर चार चरे होते. चार दिशांना चार. उभे, खोल, चकचकीत. कुणी नखांनी ओरबाडावं तसे.

तेलाविना मेलेला पिस्टन असा दिसत नाही. तो धुराच्या वाटेकडच्या बाजूनं काळाठिक्कर होतो, जळक्या भाकरीसारखा. चार दिशांना चार चरे पडतात ते एकाच कारणानं: पिस्टन आणि सिलिंडर ह्यांच्यामध्ये जी केसभर मोकळी जागा ठेवायची असते, ती ठेवलेली नसते. आणि ती जागा उदाजी ठेवत नाही. ती टर्नर ठेवतो.

खाली, इंजिनाच्या कोठीच्या तळाशी, सदतीस वर्षांचं एरंडेल गोठून डिंक झालं होतं. पिंगट, पारदर्शक, दाट. उन्हाची तिरीप त्याच्यावर पडली तेव्हा ते जुन्या मधासारखं पेटलं.

दस्तगीर खाली बसला. त्याला हे आधीपासून ठाऊक होतं. माळावर इंजिन किंचाळलं त्याच क्षणी ठाऊक झालं होतं.

शर्यतीची ती सकाळ. स्वतःचा लेथ घेऊन तीन महिने झालेला एकतीस वर्षांचा दस्तगीर, नव्या नावाचा, नव्या नखऱ्याचा. सिलिंडर आतून कातून, घासून, मशीनवरून नुकताच उतरवलेला. हाताला चटका बसत होता. उदाजी दारात घाई करत होता, "दस्त्या, आटप लेका, नंबर लागायचाय." आणि दस्तगीरनं तापलेल्या सिलिंडरचं माप घेतलं. तापलेला धातू फुगतो. भोक मोठं दिसतं. त्यानं त्या खोट्या, फुगलेल्या, क्षणभंगुर मापाला पिस्टन बसवला आणि म्हणाला, "झ्याक. जा, जिंकून ये." माळावर जाईपर्यंत सिलिंडर निवला. निवता निवता आवळला. केसाच्या निम्म्या जाडीएवढा. तेवढंच पुरलं.

एक तास थांबला असता तर. एक तास.

मग तो दवाखान्यात गेला होता. सांगायला. खाटेपाशी उभा राहिला, आणि उदाजीनंच त्याला विचारलं, "दस्त्या, मी तेल घातलं हुतं का रं? तू हुतास की तिथं." दस्तगीर म्हणाला, "काय ध्यानात न्हाई, राव."

भ्याला. दुसरा शब्द नाही. ह्याला कुणी परिस्थिती म्हणेल, कुणी तरुण वय म्हणेल, नवा धंदा म्हणेल. सगळे शब्द धुऊन काढले की खाली एवढंच उरतं. भ्याला, आणि मित्राच्या पायाबरोबर मित्राची अब्रूही त्या खाटेवर टाकून घरी आला. उद्या सांगू, म्हणाला. त्याच्या उद्याला सदतीस वर्षं लागली.

*

मग गाडी जन्मू लागली.

पितळवर्णी, अग्निकणवर्षी, तैलगंधी दिवस. दस्तगीरनं फॉस्फर-ब्राँझची कांडी लेथच्या चकात, त्या फिरत्या पोलादी मुठीत, धरली आणि तिच्यातून बुश, आसाभोवती बसणारी नळी, कातला. गुलाबी सोनेरी कीस त्याच्या मनगटांवर मोगऱ्यासारखा पडत राहिला. त्यानं पोलादाच्या ताटलीतून दातेरी चक्र कापलं, बावन्न दात्यांचं, दाता दाता घासून. चाकांच्या तारा एकेक ओढल्या, एकेक वाकवल्या, एकेक वाजवून बघितल्या. सुरात आलेलं चाक तंबोऱ्यासारखं गुणगुणलं. क्लचची तबकडी, ब्रेकची कळ, गिअरचा खटका. जे जगात नव्हतं ते त्याच्या आठ सबंध आणि दोन अर्ध्या बोटांतून निघत राहिलं.

राजलक्ष्मी संध्याकाळी येई, कामावरून परस्पर. गुडघ्यापर्यंत चिखल, हाताला औषधाचा वास. टाकी तिनं स्वतः घासली. हळद-डागाखालून जेव्हा पहिला खरा पिवळा निघाला, सूर्यफुलासारखा, तेव्हा ती लहान पोरीसारखी ओरडली.

"आबा बघायला येत न्हाईत अजून," ती एकदा म्हणाली. "म्हणतात, लोक इचारतील, तेल घातलंस का. एवढा उंच माणूस, चाचा. आन् एवढ्याशा प्रश्नाला भितोय."

दस्तगीर टूलला धार लावत राहिला. ठिणग्यांचा पिसारा उठला आणि मिटला.

पिस्टन मात्र ओतायचा होता. शेजारी अण्णाप्पा कुंभोजेची फाउंड्री. अण्णाप्पानं वाळूचा साचा भरला, भट्टी फुलवली, मुशीत ॲल्युमिनियम वितळवलं. चंद्राचं पाणी व्हावं तसं ते रुपेरी, थरथरतं, मूक.

"जुना पिस्टन दे हिकडं," अण्णाप्पा म्हणाला. "टाकतो ह्यातच. जुनं अंग नव्यात गेलं की गाडीला परकं वाटत न्हाई."

दस्तगीरनं चिमट्यात जुना पिस्टन धरला. मुशीवर नेला. खाली ते शुभ्र, सर्वभक्षी तेज. चार चरे त्या उजेडात लखलखले. हात उघडायचा अवकाश. दोन श्वासांत ते चरे द्रव झाले असते, निराकार झाले असते, आणि जगात एकही पुरावा उरला नसता. कोठीतला डिंक फडक्यानं पुसला की संपलं. उस्ताद तो उस्तादच राहिला असता. गाडी सुरू झाली असती, टाळ्या पडल्या असत्या, आणि कोरडा उदाजी कोरडाच मेला असता.

चिमटा मिटलेलाच राहिला.

"टाक की रं," अण्णाप्पा म्हणाला. "काय अंगठी हाय व्हय, एवढा विचार करायला?"

"न्हाई," दस्तगीर म्हणाला, आणि चिमटा मागं घेतला. "साक्षीदार हाय त्यो."

"कुणाचा?"

"माझ्याविरुद्धचा."

अण्णाप्पानं त्याच्याकडं बघितलं, आणि दुसरा धातू टाकला.

*

उदाजी आला तो चिडूनच आला. काठी, ताठरलेला उजवा पाय फाटकासारखा बाहेरून फिरवत टाकायची चाल, पांढऱ्या मिश्या. राजलक्ष्मीनं त्याला जवळजवळ ओढतच आणलं होतं. उभ्या असलेल्या गाडीकडं त्यानं बघितलंच नाही. सूर्यफुली टाकी त्याच्या शेजारी उजेड सांडत होती आणि तो छपराकडं बघत होता.

"कशाला बोलावलंस? च्या पाजायला?"

दस्तगीरनं स्टुलावर स्वच्छ धुतलेलं फडकं अंथरलं होतं. त्यावर जुना पिस्टन. शेजारी इंजिनाची कोठी, उघडी.

"वास घे," तो म्हणाला.

"कसला?"

"घे तर."

उदाजी वाकला. काठीवर भार देऊन, कण्हत, शिवी पुटपुटत वाकला. आणि वाकलेलाच राहिला. तो वास कोठीच्या तळातून वर आला, जाड, गोडसर, जुना. एरंडेलाचा. त्या वासात अठ्ठावीस वर्षांचा एक देखणा पोरगा होता, आणि त्याच्या हातात काचेची बाटली होती, आणि ती बाटली वाकडी होत होती, होत होती, आणि सोनेरी धार टाकीत पडत होती.

"दस्त्या," त्याचा आवाज फाटला. "मी घातलं हुतं?"

"घातलं हुतंस. मापापरीस थोडं जादाच."

"मग?"

"मग मी."

आणि दस्तगीरनं सांगितलं. एका दमात, मान खाली न घालता. तापलेला सिलिंडर. घाई. फुगलेलं माप. चार चरे, बोटानं एकेक दाखवून. दवाखान्यातलं ते वाक्य, काय ध्यानात न्हाई.

"सदतीस वर्षं, चाचा?" राजलक्ष्मी म्हणाली. तिच्या जबड्याची शीर उडत होती. "सदतीस वर्षं तोंडाला कुलूप हुतं व्हय तुमच्या? ह्या माणसानं पंगतीला जेवायचं सोडलं. माझ्या लग्नाच्या पंगतीत बसला न्हाई ह्यो माणूस. मागं चुलीपाशी जेवला."

"भ्यालो हुतो, बाळ."

"आन् आता?"

"आता बी भ्यालोयच. पण आता सांगितलं."

उदाजीनं काठी उचलली. दस्तगीर हलला नाही. मारली असती तर खाल्लीच असती. काठी खाडकन लेथच्या पोलादावर पडली, आणि तो सगळा लेथ घंटेसारखा वाजला. घणघणला. घणघणत राहिला. आणि त्या नादातच उदाजीच्या छातीतून काहीतरी निघालं, आधी खोकल्यासारखं, मग हसण्यासारखं, मग दोन्ही.

"घातलं हुतं!" तो लेकीचे खांदे धरून म्हणाला. "राजा, मी घातलं हुतं गं! ऐकलंस न्हवं? मी घातलं हुतं!"

त्याचे गाल भिजले होते. सदतीस वर्षांचा दगड छातीवरून उतरतो तेव्हा माणूस किती हलका होतो, ते त्याच्या पायांवरून दिसत होतं; तो ताठर पायसुद्धा जागच्या जागी नाचू बघत होता.

मग तो थांबला. मिश्या पुसल्या. दस्तगीरकडं वळला.

"माफी-बिफी मागू नगंस. मला न्हाई द्यायची. एवढ्यात तर न्हाईच."

"न्हाई मागत."

"त्या भोंग्यानं सगळ्यांम्होरं सांगितलं हुतं. भोंगा न्हाई तुझ्याकडं, पण तोंड हाय. चल."

*

गल्लीच्या नाक्यावर चहाचा गाडा. उकळत्या चहाची वाफ, आल्याचा तिखट दरवळ, बाकड्यांवर तेलकट कपड्यांतली पंधरावीस माणसं. दस्तगीर मध्ये उभा राहिला. अडुसष्ट वर्षांचा उस्ताद, आणि शाळेत उभं केल्यासारखा.

"ऐका," तो म्हणाला. "उदाजी सरनोबतानं तेल घातलं हुतं. गाडी माझ्या हातनं जाम झाली. सिलिंडर तापलेला असताना मी माप घेतलं. चूक माझी. आन् गप बसलो, ती त्याच्याहून मोठी चूक, ती बी माझी."

चहा उकळत राहिला. एका तरुण वेल्डरनं शेजाऱ्याला विचारलं, "कोण उदाजी? कसलं तेल?"

असं असतं. ज्यांनी पोटं धरून हसून घेतलं होतं त्यांतले निम्मे केव्हाच स्मशानात पोचले होते, आणि ज्यांना आता सांगायचं होतं त्यांना काही ठाऊकच नव्हतं. कलंक लावायला पाच हजार, पुसायला पंधरा. त्यांतही बारा जण मोबाईलमध्ये.

पण कोपऱ्यातल्या बाकड्यावर एक म्हातारा होता. दात नसलेला, टोपी कलती. त्यानं बशी खाली ठेवली. बराच वेळ उदाजीकडं बघितलं.

"म्हंजे," तो म्हणाला, "आमी इतकी वर्सं उगाचच हासलो व्हय?"

"उगाचच," उदाजी म्हणाला.

"वाईट झालं." म्हाताऱ्यानं मान हलवली. "तुझ्या म्होरं तुपाचं भांडं घिऊन मी बी हुबा राह्यलोय एकदा. कागलच्या लग्नात. आता काय करावं?"

"च्या पाज," उदाजी म्हणाला. "साय घालून. कोरडा नको."

आधी म्हातारा हसला. मग चहावाला. मग उदाजीच इतका हसला की काठी हातातून गळाली, आणि ती दस्तगीरनं वाकून उचलून दिली. उदाजीनं घेतली. घेताना बोटांना बोटं लागली. एवढंच.

*

नवा पिस्टन आणि घासलेला सिलिंडर एक दिवस आणि एक रात्र दस्तगीरच्या खोलीच्या थंड कोपऱ्यात, पाण्याच्या रांजणाशेजारी, शेजारी शेजारी ठेवले होते. नवराबायकोसारखे, एकाच गारव्यात. सकाळी माप घ्यायच्या आधी दस्तगीरनं उदाजीला हाक मारली.

"हात लाव."

उदाजीनं तळवा सिलिंडरवर ठेवला.

"थंड हाय?"

"थंड हाय."

"पिस्टन?"

"त्यो बी."

"मग घेऊ माप?"

"थांब," उदाजी म्हणाला, आणि स्टुलावर बसला. "च्या घेऊ आधी. घाई न्हाई मला."

दोघांनी चहा घेतला. सावकाश. मग माप घेतलं, आणि पुन्हा घेतलं, आणि तिसऱ्यांदा घेतलं. आणि दोन धातूंच्या मध्ये ती केसभर जागा होती. एवढ्याशा रिकामेपणात किती काय मावतं! एक पाय, एक नाव, एका माणसाची झोप.

पाडव्याच्या आदल्या सकाळी तिघं माळावर गेले. मेळा दुसऱ्या दिवशी होता. आज फक्त वारा होता, करवंदीची नुकती मोहरलेली जाळी होती, आणि लांब कुठंतरी पेटलेला एक पळस. तेल उदाजीनं घातलं. बाटली उंच धरून, उन्हात दाखवून, मोठ्यानं: "बघा, घालतोय!" राजलक्ष्मीनं हेल्मेटचा पट्टा आवळला, किक मारली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा गाडी खोकली, निळा सुगंधी धूर ओकली, आणि बोलू लागली.

तो आवाज! तीक्ष्ण, तारस्वरी, तडतडणारा. जणू माळानंच सदतीस वर्षं गिळून ठेवलेलं वाक्य एकदाचं उच्चारलं. उदाजीनं डोळे मिटले. दस्तगीरनं मिटले नाहीत. त्याचे डोळे त्या पिवळ्या ठिपक्याला बांधलेले होते, आणि कान त्याहून घट्ट.

पहिली फेरी. दुसरी. तिसरी. चौथ्या फेरीला राजलक्ष्मी त्याच चढाला लागली. आवाज चढत गेला, चढत गेला, माथ्याजवळ पोचला, आणि पडला.

पडला. थांबला. माळभर नुसता वारा.

दस्तगीरचा हात उदाजीच्या मनगटावर गेला आणि आवळला गेला. उदाजीनंही तो धरला. दोन म्हातारे, एकच श्वास, तोही अडलेला. चढाच्या माथ्यावर पिवळा ठिपका निश्चल उभा होता. उभा होता, आडवा नव्हता. आणि मग त्यांना दिसलं. राजलक्ष्मी हात वर करून काहीतरी दाखवत होती. तिच्या चाकापुढून एक तित्तरीण चालली होती, मागं सहा पिल्लं, तपकिरी, लगबगीची, ठिपक्याठिपक्यांची. एकामागून एक. सावकाश. रानाच्या मालकिणीसारखी.

"पाखरांसाठी थांबली!" उदाजी ओरडला. "जनावरांची डॉक्टर! अगं बापाचा जीव गेला असता की!"

"माझा गेलाच हुता," दस्तगीर म्हणाला. आणि हसला. खूप वर्षांनी, पोटातून.

पिल्लं गवतात शिरली. किक वाजली. इंजिनानं पुन्हा श्वास घेतला, भरून, मोकळा, कुठंही न अडकणारा. राजलक्ष्मी खाली आली, वळली, लांबवरून वेग घेतला, आणि पाचव्या फेरीला त्या चढाला भिडली.

माथ्यावरून गाडीनं जमीन सोडली.

निळ्यात पिवळी. वाऱ्यात स्थिर. खाली तिची सावली, एकटी, तांबड्या मातीवरून धावत. गाडीचा आवाज अखंड, एकतान, आकाशाला रेघ ओढत जाणारा. मग चाकं टेकली, आधी मागचं, मग पुढचं, लोण्यात बोट बुडावं तशी. आणि तिच्यामागं धूळ उठली. उंच उठली, विरळ झाली, उन्हात गुलाली झाली, क्षणभर तशीच अधांतरी राहिली. आणि मग उतरू लागली. हळूहळू, निवांत, करवंदीच्या मोहरावर, वाळल्या गवतावर, दोन म्हाताऱ्यांच्या पांढऱ्या केसांवर, खांद्यांवर, पापण्यांवर.

कुणीच ती झटकली नाही.